हिरव्या कार्डावरचा सेफ

मी एक जुना शब्द आहे आणि मित्रांनो, आज माझं डोकं फिरलेलं आहे. माझं नाव सेफ. इंग्रजीतलं एक साधं विशेषण. तुम्ही मला दिवसातून दहा वेळा वापरता, पण मी कुठून आलो हे कुणी विचारत नाही. म्हणून मीच सांगतो.

माझा मूळ पुरुष लॅटिनमधला साल्वुस. त्याचा अर्थ धडधाकट, कुठेही इजा न झालेला. तिथून मी फ्रेंचांकडे गेलो, बोलता बोलता झिजलो आणि सातेकशे वर्षांपूर्वी इंग्रजीत बस्तान मांडलं. जाणकार म्हणतात, तुमचा 'सर्व' हा शब्द माझा लांबचा चुलतभाऊ लागतो. आधी मी माणसांबद्दल बोलायचो, मग पुलांबद्दल आणि औषधांबद्दलही बोलू लागलो. लोखंडी तिजोरीला तर माझंच नाव पडलं. तुमच्या घरात शिरलो तेव्हा आया फोनवर विचारू लागल्या, "सेफ पोचलीस ना गं?" तो प्रश्न ऐकला की मला अजूनही बरं वाटतं.

पण मग मला हिरव्या कार्डावर छापलं आणि एका छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर लटकवलं.

तिथला नियम चांगला होता. रोज सकाळी सुपरवायझरने पात्याखाली रद्दी ठेवायची आणि एकच बटण दाबायचं. पातं हललं नाही, तरच कार्ड लावायचं. मशीनला दोन बटणं असतात आणि दोन्ही एकदम दाबली तरच पातं चालावं; ती अशासाठी, की पातं खाली येताना दोन्ही हात बटणांवर अडकलेले असावेत. हा पठ्ठ्या मात्र कानाला फोन लावून यायचा आणि आठही मशीनना आठ कार्डं अडकवून चहाला जायचा. रद्दीला हात लावेल तर शपथ! गेल्या वर्षी याच मशीनवर कटिंगवाल्या ताईच्या नणंदेची दोन बोटं गेली. तेव्हाही मी तिथे लटकत होतो. मला खोटं बोलायला लावलं, याचा संताप आजही जात नाही.

परवा सकाळी ताई त्याला म्हणाली, "साहेब, काल एका बटणावर पातं खाली आलं. तुम्ही बघितलंत का?"

"कार्ड लागलंय ना? सेफ लिहिलंय. उगाच फाटे फोडू नका."

"मग ठेवा तुमचा हात इथं. मी एकच बटण दाबते."

सुपरवायझरने दोन्ही हात खिशात घातले.

ताईने मला खसकन ओढून पात्याखाली सरकवलं आणि एक बटण दाबलं. खाड्‌! माझे दोन तुकडे झाले.

सुपरवायझर म्हणाला, "एक कार्ड वाया घालवलंत."

मित्रांनो, त्याला दिसलं ते कार्ड! मला कुठेही लिहायचं असेल, तर आधी वाका, बघा, हाताने तपासा. तेवढा वेळ नसेल, तर पाटी कोरी ठेवा. कोऱ्या पाटीला माणूस निदान घाबरून तरी राहतो.

ताईने दिवसभर मशीनला हात लावला नाही. संध्याकाळी दहाही बोटांनी डबा घासला, पिशवीत टाकला आणि ती घरी गेली.