टँकरच्या विहिरीचा आकडा

गणितातलं फंक्शनल अ‍ॅनालिसिस शिकून पुढं काय होतं, असं मला बिलोलीपासून लातूरपर्यंत निम्म्या मराठवाड्यानं विचारलेलं आहे. माझी आई नागुबाई तर सरळ म्हणायची, "त्यापरीस डी.एड. केलं असतंस तर शाळा तरी भेटली असती." तिचं काही चूक नव्हतं. आमच्याकडं या विषयाचा एकच धंदा होता, तो म्हणजे तोच विषय पुढच्याला शिकवणं. पुढचा कुणी आला नाही की धंदा बसला.

नांदेडच्या कॉलेजात माझ्या वर्षाला तो पेपर घेणारी मी एकटीच होते. शिकवायला विरूपाक्ष सर. ते उदगीरकडचे, बायको वारलेली, मूलबाळ नाही. रिकाम्या वर्गात माझ्याकडं बघून ते म्हणायचे, "सगळ्यांनी इकडं लक्ष द्या." मी एकटी सगळ्यांच्या वतीनं लक्ष द्यायची. माझ्यानंतर कुणी आलं नाही, पेपर बंद झाला आणि सरांना बी.कॉम.च्या पोरांना व्याजाची गणितं शिकवायला बसवलं.

तेवढ्यात लातूर वेगळा जिल्हा झाला. कचेऱ्या भाड्याच्या घरांत भरत होत्या, कपाटं आली होती, किल्ल्या यायच्या होत्या. पाण्याच्या सर्वेक्षणाच्या अशाच एका कचेरीत मला नोकरी लागली आणि मागोमाग दुष्काळही हजर झाला. माझं आडनाव ऐकलं की घरमालकांची खोली नेमकी कालच दुसऱ्याला दिलेली निघायची. शेवटी गावाच्या कडेला एक मिळाली. दिवसभर पाणी पाणी म्हणून कंठशोष करायचा आणि संध्याकाळी खोलीत बोलायला कुणी नाही. मला फार एकटं वाटायचं, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

कचेरीत तालुक्या-तालुक्यांतल्या विहिरींच्या पातळ्या दर महिन्याला यायच्या. वरची पाण्याची पातळी बघून खालचा खडक कसा आहे, पाणी कुठं साठलंय, हे ओळखायचं. हे उलटं गणित. उत्तरावरून प्रश्न शोधण्यासारखं. असल्या गणितांत मोजताना बोटभर चूक झाली तर उत्तर कोसभर लांब जातं, आणि ते कसं आवरायचं हे सरांच्याच विषयात शिकवतात. मी साहेबांना म्हटलं, आमच्या सरांना आकडे देऊन बघू. हातावर नारळ उभा करणारे पाणाडे फिरवून साहेब थकले होते. ते म्हणाले, द्या.

सरांनी सगळी सुट्टी त्यात घातली. मग एक दिवस एस.टी.नं लातूरला आले. अंगात इस्त्रीचा सदरा होता, आणि त्यांना इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं. साहेबांच्या नकाशावर त्यांनी शिरूर अनंतपाळजवळच्या एका गावावर बोट ठेवलं. बोअरची गाडी एकच होती आणि ती जळकोटकडच्या एका गावाला जायची ठरली होती. साहेबांनी ती शिरूरकडं वळवली.

जागेवर खूण करायला मी त्या गावी गेले. विहिरीत खरंच पाणी होतं. मला हायसं वाटलं. घागर ओढणाऱ्या केवळाबाईंना मी म्हटलं, तुमच्या गावाला बरं पाणी आहे.

"कशाचं बाई," त्या म्हणाल्या. "ह्ये टँकरचं हाय. टाकी न्हाई गावाला, म्हून हिरीतच वततेत."

पातळी मोजणारा माणूस टँकर आल्यावर यायचा. टँकर येतो हे गावात शेंबड्या पोराला ठाऊक होतं, म्हणून कुणी मुद्दाम सांगितलं नाही. त्याला पाणी मोजायला धाडलं होतं, पाणी कुणाचं हे विचारायला नाही. आमचं सगळं गणित त्या एका विहिरीवर उभं होतं.

बोअर कोरडं गेलं असतं तरी आम्हाला कुणी धरलं नसतं. त्या वर्षी निम्मी बोअर कोरडीच जात होती. गप्प बसावं असं मला वाटलं, खरंच वाटलं. पण जळकोटकडचं गाव गाडीची वाट बघत होतं. दुसऱ्या दिवशी मी नांदेडला गेले आणि सरांना सगळं सांगितलं.

सरांना धक्का बसेल असं वाटलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "ती विहीर मला दिसली होती. सगळ्या खाली चालल्या अन् ही एकटीच वर. असल्या आकड्याचा आधी संशय घ्यायचा, हे मीच तुला शिकवलं."

मला राग आला. मी विचारलं, "तो आकडा काढला तर उत्तर काय येतं, सर?"

"सांगता येत न्हाई, असं येतं." त्यांनी चष्मा काढला. "उपयोग काय, असं मला लई लोकांनी विचारलं. कुठं, असं कुणी विचारलं नव्हतं, चांगुणा. तू विचारलंस. मला एकदा तरी बोट ठेवून हितं म्हणायचं होतं."

माझा राग गेला. त्यांच्या जागी मी असते तर मीही बोट ठेवलं असतं. पण मी म्हटलं, "सर, गाडी उद्या निघते."

सरांनी कागद ओढला. दिलेल्या पातळ्यांवरून जागा सांगता येत नाही, असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि सही केली. त्याखाली मी माझी केली. हा कागद साहेबांपुढं गेला की कचेरीत गणित कायमचं बंद होणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

ते मला स्टँडवर सोडायला आले. बस सुटताना खिडकीशी येऊन त्यांनी विचारलं, पुढच्या महिन्याचे आकडे कधी पाठवशील? मी म्हटलं, आले की लगेच.

"हाव," सर म्हणाले. "सुट्टी हायच मला."

त्यांची सुट्टी केव्हाच संपली होती.