मंगलीबाईची जीभ

"हा नाही वाढत मी," मंगलीबाई म्हणाली आणि हातातली लहानशी किटली तिनं ट्रेवर परत ठेवली.

पुढच्या रांगेतल्या दोन पाहुण्यांनी कप पुढे केले होते, ते तसेच राहिले. चाळीस वर्षं मुरलेल्या चहाबद्दल रंगून बोलणाऱ्या दुर्गाप्रसादचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. रिसॉर्टचा मॅनेजर वीरेंद्र दाराजवळ उभा होता, तो लगबगीनं आला.

"काऊन मावशी, का झालं?"

"हा बाबाचा चहा नोहोय."

ती हळूच बोलली होती, पण हॉल लहान होता. सगळ्यांनी ऐकलं. काचेच्या भिंतीपलीकडे नवेगाव बांधचं तळं उन्हात चमकत होतं. नागपूर-रायपूरहून जानेवारीत पक्षी पाहायला आलेली ही मंडळी रोज सकाळी दुर्बिणी घेऊन काठावर जात. आज दुपारी त्यांच्यासाठी हा खास कार्यक्रम ठेवला होता: पु-एर चहाची चव. आधी कोवळा, मग जुना.

दुर्गाप्रसाद हसला. गोंदियाच्या बाजारात त्याच्या वडिलांपासून चहाचं दुकान होतं, आणि गेल्या काही वर्षांपासून तो महागडे चहा विकू लागला होता. "बाई, तुम्ही फक्त वाढा. सांगायचं काम माझं."

"सांगा न. पण मी वाढणार नाही."

आता वीरेंद्रनं तिचा दंड धरला. तिनं तो शांतपणे सोडवून घेतला.

मंगलीबाई पंधरे ही काही चहावाली नव्हती. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायचा, पावसाळ्यात दुसऱ्याच्या बांध्यांत भाताच्या रोवणीला जायचं आणि बाराही महिने वेळ काढून गोठणगावजवळच्या तिबेटी वसाहतीत दोरजेबाबाच्या घरी झाडलोट-स्वयंपाक करायचा, अशी तिची अठरा वर्षं गेली. दोरजेबाबा हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटर विकून म्हातारा झालेला माणूस. वसाहतीतले बाकीचे लोक लोणी-मीठ घातलेला चहा पीत. बाबाही प्यायचा. पण संध्याकाळी तो कोठीच्या खोलीतून कागदात गुंडाळलेली, भाकरीएवढी काळसर चकती काढायचा, सुरीच्या टोकानं तिचा कपचा मोडायचा आणि मूठभर आकाराच्या मातीच्या किटलीत टाकायचा. त्याचा एक चुलतभाऊ कालिम्पाँगहून या चकत्या धाडत असे. चीनच्या डोंगरातल्या झाडांची पानं, वाफवून दाबलेली. नवी चकती हिरवट आणि कडू असते. पण ती नीट राखली, तर लोणच्यासारखी आतल्या आत मुरत जाते आणि वीस-तीस वर्षांनी तिचा चहाच वेगळा होतो.

पहिल्यांदा बाबानं तिला कोवळा दिला होता. तिनं अंगणात थुंकला.

"निंबाचा पाला उकळला का?"

बाबा हसला. "तू घर जा. फिर बोल." त्याची हिंदी शेवटपर्यंत अशीच तुटकी राहिली.

ती चिडूनच निघाली. अर्ध्या वाटेवर, नाल्यापाशी आली तेव्हा घशात काहीतरी गोड उमटलं. खाल्लं तर काहीच नव्हतं. ती उभी राहिली, थुंकी गिळून पाहिली. दुसऱ्या दिवशी झाडू टेकवून तिनं आधी तेच विचारलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी दोन कप व्हायचे, एक कोवळ्याचा, एक जुन्याचा. बाबाची बायको वारल्यावर घरात पिणारी ही दोघंच उरली. बाबा विचारायचा, कैसा है? मंगलीबाईकडे पुस्तकातले शब्द नव्हते. ती म्हणायची, पाणी पडून गेल्यावरची धानाची तणस. म्हणायची, नव्या सुपाचा वास. जांभळाची बी चावल्यासारखं. बाबा ते ऐकायचा आणि त्या त्या चकतीच्या कागदावर आपल्या लिपीत लिहून ठेवायचा. चकत्या राखायचं कामही हळूहळू तिच्याकडेच आलं. मे महिन्यात पत्रे तापले की ती शेजारच्या खोलीत ओलं पोतं टांगायची, म्हणजे चकत्या वाळून त्यांचा भुगा होणार नाही. श्रावणात रोज उलटायच्या, बुरशी पाहायची. मोहफुलं वेचायच्या दिवसांत आंघोळ केल्याशिवाय कोठीत पाय ठेवायचा नाही, कारण चहा वास ओढून घेतो.

"बुड्ढा होना अलग, सड़ना अलग," बाबा एकदा म्हणाला होता. चहाबद्दल म्हणाला की स्वतःबद्दल, तिनं विचारलं नाही.

गेल्या वर्षी बाबा गेला. बेंगळुरूकडे राहणारा पुतण्या आला, घर आवरलं आणि सगळ्या चकत्या किटलीसकट दुर्गाप्रसादला विकून गेला. त्यात काही चोरी नव्हती. माल पुतण्याचाच होता. आणि हा कार्यक्रम ठरला तेव्हा दुर्गाप्रसादनं तिला शोधून काढलं, कारण एवढ्याशा किटलीतून न सांडता ओतायला दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. वीरेंद्रनं तिला नवं लुगडं नेसायला दिलं, केसांत फुलं माळायला लावली आणि बजावलं, "पाहुण्यांशी बोलायचं नाही, फक्त हसायचं."

कोवळ्या चहाचा फेरा नीट झाला होता. जुन्यासाठी दुर्गाप्रसादनं काचेच्या बरणीतून मोडलेले तुकडे दिले. ते बोटात घेताच तिला शंका आली. धुवायचं पहिलं पाणी तिनं फेकलं, तेव्हा बंद गोदामाची वाफ नाकात गेली. दुसऱ्या पाण्याचा एक घोट तिनं पाठ फिरवून घेतला आणि मग किटली खाली ठेवली.

"इसको क्या मालूम," दुर्गाप्रसाद आता पाहुण्यांना सांगत होता. "वहाँ झाड़ू-पोछा करती थी."

"झाडूबी मीच मारत होतो अन् चहाबी मीच राखला," मंगलीबाई म्हणाली. तिनं पांढरी बशी ओढली. आधीच्या फेऱ्यातलं कोवळं पान एका कडेला ठेवलं, किटलीतलं आताचं दुसऱ्या कडेला. बोटानं दोन्ही उलगडू लागली. कोवळं पान देठापासून टोकापर्यंत मोकळं झालं. दुसरं उलगडेना. काळं, ताठ, कोळशाच्या चुऱ्यासारखं मोडत गेलं.

"जुन्या पानालेबी जीव राहते. ते असंच उघडते, फक्त रंग तांबूस राहते. हे मुरलेलं नोहोय, ओल्यात कोंडून काळं केलेलं आहे. पान पाहता पाहता जिंदगी गेली माही. मले नका सांगू."

नागपूरच्या एक वयस्क बाई उठून बशीपाशी आल्या, चष्मा सावरून वाकल्या. बाकीचे एकमेकांकडे पाहत राहिले. कुणीतरी म्हणालं, अहो, जाऊ द्या, आम्हाला काय कळतंय, द्या कसाही. एकदोघं हसले. दुर्गाप्रसादनं स्वतःच किटली उचलली, अर्धं सांडत, अर्धं कपांत पाडत फेरा पुरा केला. बहुतेकांनी तो प्यायला आणि छान म्हणाले. त्या वयस्क बाईंनी कप उपडा घातला.

मंगलीबाईनं मागच्या खोलीत जाऊन लुगडं बदललं, घडी करून वीरेंद्रच्या हातात दिलं.

"चूप राहिली असती तर काय बिघडत होतं? सीझनभर काम होतं मावशी."

"काम होतं," ती म्हणाली. "मालूम आहे मले."

ती पायीच निघाली. घरी पोरीला, हर्षाला, तिनं एवढंच सांगितलं की काम सुटलं. अंगणवाडीत मदतनीस असलेल्या हर्षाला दुसऱ्या दिवशी साऱ्या गावाकडून बाकीचं कळलं.

चौथ्या दिवशी सकाळी अंगणासमोर गाडी थांबली. दुर्गाप्रसाद एकटाच उतरला, हातात खोकं घेऊन. त्यानं चपला बाहेर काढल्या.

"कलकत्त्यावरून आणखी माल मागवला होता," तो उभ्यानंच म्हणाला. "बाबाच्या मालात मिसळून गेला. कोणता कोणाचा, आता समजत नाही. उस दिन मुझे खुद पता नहीं था, सच बोलता हूँ. मी लहानपणापासून कडक-मिठी चाय पिणारा. मले सगळा सारखाच लागते."

मंगलीबाईनं खोकं उघडलं. आत नऊ चकत्या होत्या, प्रत्येक सोनेरी चकाकत्या कागदात. तिनं एक उचलली, उलटली, मग दुसरी.

"पहिला कागद कुठी आहे?"

"तो? पिवळा पडला होता, कसरीनं खाल्लेला. दुकानातल्या पोरांनी फेकला."

तिनं हातातली चकती परत खोक्यात ठेवली.

"त्याच्यावर लिहून होतं," ती म्हणाली. "कोणता कसा लागते ते. मी सांगत होतो अन् बाबा लिहीत होता. अठरा वर्षांचं होतं."

दुर्गाप्रसाद खोक्याकडे पाहत राहिला. त्याला ते खरंच माहीत नव्हतं. तिबेटी अक्षरं त्याला नक्षी वाटली असतील.

"सांगून देतो मी कोणता कोणता," मंगलीबाई शेवटी म्हणाली. "पण वाढायचं तुम्ही. मी पिईन."

तो खाली चटईवर बसला. हर्षानं गॅसवर पाणी ठेवलं. "हापशीचं नको, विहिरीचं घे," मंगलीबाईनं आतून ओरडून सांगितलं. दुर्गाप्रसादनं गाडीतून मातीची किटली आणली. पहिल्या दोन वेळा त्यानं हात भाजून घेतला. ती म्हणाली, झाकणावर बोट टेकवा, मनगट वळवा, घाई करू नका. तिसऱ्या वेळी त्याला जमलं.

पहिली चकती तिनं वासावरच बाजूला केली. दुसरी बाबाची, दहाएक वर्षांची, अजून करकरीत. तिसरी-चौथी कलकत्त्याची. दुर्गाप्रसाद पेनानं कागदावर लिहीत होता. ऊन कुंपणावरून अंगणात उतरलं. शेजारचा शालीकराम बैलांना पाणी दाखवता दाखवता दोनदा डोकावून गेला. दर चकतीनंतर मंगलीबाई कोरडा मुरमुरा चावायची, पाण्यानं चूळ भरायची आणि पुढच्या कपासाठी हात पुढे करायची. दुर्गाप्रसाद कप तिच्या हातात द्यायचा.

आठवी झाली. नववीचा पहिला घोट घेतला आणि ती थांबली.

ही ती होती. बाबा वर्षातून एकदाच, त्यांच्या नव्या वर्षाच्या दिवशी हिला हात लावायचा. बायकोला सोबत घेऊन या मुलखात आला, त्या सुमाराची चकती. रंग मोहरीच्या जुन्या तेलासारखा लाल-काळा, पण आरपार दिसणारा. घोट जिभेवर पडला तो जाणवलाच नाही, आणि मग छातीत ऊब पसरली. पेनठाण्यात सालईचा डिंक जाळल्यावर निखारे विझताना जो वास राहतो, तो मागून आला. ती हे बाबाला म्हणाली होती. त्यानं पेनठाणा म्हणजे काय विचारलं होतं, आणि तिनं सांगितलं होतं, आमचे देव राहतात तिथं. मग त्यानं ते लिहिलं होतं.

"ये कैसा है?" दुर्गाप्रसादनं विचारलं. "इसका तो टुकड़ा भी टूटा हुआ है. खराब है क्या?"

हर्षा दारात उभी होती. आईचा चेहरा तिनं पाहिला होता. ती गोंडीत, भांडं पुसता पुसता, सहज बोलल्यासारखं बोलली, "माय, खराब आहे म्हण. टाकून जाईल तो. तुले राहील."

मंगलीबाईनं कप दोन्ही हातांत धरला होता. खरंच, एक शब्द पुरला असता. तो कागदावर फुली मारून चकती अंगणात सोडून गेला असता. बाबाची सगळ्यात जुनी चकती, दोन-तीन वर्षं पुरली असती तिला. चोरीही म्हणता आली नसती कुणाला.

तिनं दुसरा घोट घेतला. तो गिळायला तिनं वेळ लावला.

"हा सगळ्याहून चांगला," ती म्हणाली. "याच्याहून चांगला मी पेलो नाही. तुमाले भेटणारबी नाही दुसरा. आता बरोबर लिहा. सालईच्या डिंकाचा वास. घोट घेतल्यावर थांबावं लागते, लगेच समजत नाही."

दुर्गाप्रसादनं लिहिलं. मग पेन थांबवून तिच्याकडे पाहिलं. हर्षा काय बोलली ते त्याला कळलं नव्हतं, पण काहीतरी झालं एवढं कळलं असावं.

"तुम्ही परत या न तिथं. कार्यक्रमाले."

"येतो. पण जसा लागते तसा सांगीन. खराब राहिला तर खराब सांगीन, सगळ्यांपुढं."

"फोन करतो," तो म्हणाला. तो करणार नाही, हे तिला त्याच्या आवाजावरून समजलं. तिनं मान हलवली.

त्यानं चकत्या एकेक करून सोनेरी कागदांत गुंडाळल्या, किटलीतली पानं बशीत काढली, किटली पुसली आणि खोकं छातीशी धरून गाडीत ठेवलं. जाताना त्यानं वाकून नमस्कार केला. गाडी वळली आणि धुळीमागे दिसेनाशी झाली.

हर्षा आईशी बोलेना. मंगलीबाईनं बशीतली पानं स्टीलच्या पातेल्यात टाकली, वरून पाणी घातलं आणि उकळायला ठेवली. चांगल्या पानात तेवढं तरी राहतं. एक पेला पोरीच्या हातात दिला, एक स्वतः घेतला. हर्षानं पाठ फिरवून प्यायला.

शालीकराम बैल बांधून कुंपणापाशी आला.

"कायचा काढा होय, बाई?"

"चहा होय."

तिनं त्यालाही पेला भरून दिला. तो उभ्यानं प्यायला, तोंड जरा वाकडं केलं. साखर नाही का, म्हणाला. नाही, ती म्हणाली. त्यानं उरलेला संपवला, काही वेळ रस्त्याकडे पाहत थांबला आणि पेला परत पुढे केला.

"संपला," मंगलीबाई म्हणाली.

"मंग कधी करशील?"

"आता नाही."

त्याच्या हातातला पेला घेऊन तिनं तो विसळला, कठड्यावर पालथा घातला आणि सुपात लाखोळीची डाळ घेऊन, उन्हाकडे पाठ करून निवडायला बसली.