कलमाच्या चाकूने उघडलेला लिफाफा

मी एक लिफाफा बोलतोय. खरं तर तोंड बंद ठेवण्यासाठीच माझा जन्म होता. ते जमलं नाही.

कॅलिफोर्नियात, पीचच्या बागांमध्ये आमचं छोटंसं, दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज. १९९६ चा मे महिना. नोंदणीच्या खिडकीतल्या लिंडक्विस्टबाईंनी माझ्या पोटात रोसाउरा नावाच्या विद्यार्थिनीची गुणपत्रिका घातली, झाकण चिकटवलं आणि जोडावर शिक्का मारला.

"विद्यापीठात अस्साच नेऊन दे. उघडलास तर रद्दी!" त्यांनी तिला बजावलं.

दोन वर्षं राबून मिळवलेले साठ श्रेयांक माझ्यात होते. शुक्रवारी पाचच्या आत ते पोचले, तर रोसाउरा थेट विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात बसणार होती. नाही पोचले, तर तिची जागा गेली.

गुरुवारी तिने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं आणि ती औषधांच्या दुकानात कामावर गेली. संध्याकाळी तिचे वडील एउसेबियो बागेतून आले. बंद पत्र घरात पडू द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. न उघडलेल्या पत्रांनी पूर्वी त्यांना चांगलाच इंगा दाखवला होता. त्यांनी हात धुतले, खिशातला, झाडांना कलम करायचा चाकू काढला आणि मला अलगद चिरलं. इंग्रजी जेमतेम, तरी लेकीचे गुण बघून स्वारी एकटीच हसत बसली. इकडे माझा जीव टांगणीला!

रोसाउरा आली आणि तिने माझी चिरलेली कड उचलून पाहिली. "बाबा, काय केलंत हे!"

"अगं, पोरीचे गुण बापाने नाही बघायचे, तर काय पोस्टमनने?"

"उघडलेला चालत नाही, बाबा. आणि उद्या शेवटचा दिवस आहे."

एउसेबियो त्या दिवशी जेवले नाहीत. सकाळी बागेतलं काम बुडवून, मला खिशात घालून, नोंदणीची खिडकी उघडायच्या आधीच ते लेकीसोबत कॉलेजच्या दारात उभे होते. टोपी हातात. "चूक माझी आहे, बाई. मुलीची नाही."

"दर मे महिन्यात एक तरी बाप येतोच," लिंडक्विस्टबाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी एका आईने तर गुणपत्रिका फ्रिजवर लावली होती!" आणि त्यांनी गुणपत्रिकेची नवी प्रत घालून नवा लिफाफा बंद केला.

पावणेपाचला तो विद्यापीठात पोचला. तिथे त्याला फाडून टोपलीत टाकलं असणार. मी मात्र एउसेबियोंच्या कपाटात राहिलो. अधूनमधून ते मला काढायचे, पेन्सिल घेऊन बसायचे. पीचचा वास असलेले ते हात मला फार आठवतात.

या वसंतात ते गेले. कपाट आवरताना मी रोसाउराच्या हाती लागलो. तिचे केस पिकलेत आता. गुणपत्रिकेतल्या प्रत्येक विषयापुढे बाबांनी स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ लिहिला होता. फक्त संख्याशास्त्रापुढे लिहिलं होतं, 'हे काय असतं? रोसाउराला विचारायचं.'

"मग विचारलं का नाहीत हो, बाबा?"

माझी एकच विनंती आहे, मला पुन्हा चिकटवू नका. पण ती ऐकायला रोसाउराला सवड कुठली? बाबांच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून ती मोठ्याने संख्याशास्त्र समजावून सांगत होती.