मधली वही

तो माणूस आत आला तोच आवाज चढवून. हातातली वस्तू त्याने काउंटरवर आपटली आणि म्हणाला, "ही घ्या तुमची टाच. आमचे वडील पडलेत. खुब्याचं हाड मोडलंय. आता काय करायचं, सांगा!"

टाच म्हणजे काठीच्या टोकाला बसवायचा रबरी पाय. साधं रबरी बूच असतं तसा नाही. आत पोलादी वाटी, वाटीत फिरणारा गोळा, गोळ्यावर स्प्रिंग. काठी कितीही तिरकी पडली तरी रबर जमिनीला सपाट चिकटून राहतं. हे डोकं माझ्या दादाचं, आणि पेटंटही त्याच्याच नावावर. आमच्या शेडमध्ये नऊ माणसं गेली अकरा वर्षं ही एकच वस्तू बनवतात. कोठी, पत्रव्यवहार आणि आल्यागेल्याची तोंडं सांभाळणं हे माझं काम.

मी ती उचलली आणि हाताला लगेच कळलं. हलकी होती. वाटी पोलादाची नव्हती, प्लास्टिकची होती, आणि कडेला तडकून गोळा बाहेर लोंबत होता. बाकी सगळं हुबेहूब. रबरावरच्या खाचासुद्धा तेवढ्याच. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत परक्या देशाचं नाव छापलं होतं.

"ही आमची नाही," मी म्हटलं.

"म्हणजे? दुकानदार म्हणाला, तीच आहे, फक्त स्वस्त."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण तो माणूस आता रडायच्या बेतात होता, त्याच्यावर काय ओरडायचं? त्याला पाणी दिलं, आमची एक खरी टाच दिली आणि ती मोडकी ठेवून घेतली. वडील पुन्हा काठी धरतील की नाही हे त्याला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

दादाला दाखवली. दादा सहासष्ट वर्षांचा, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेला, दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलणारा. त्याने ती खिडकीपाशी नेऊन उलटसुलट केली. "चोरायची तर चोरायची," तो म्हणाला, "पण नीट तरी चोरावी. वाटी प्लास्टिकची करतात का कधी?"

सहा महिन्यांत त्या चोरट्या टाचांनी बाजार भरून गेला. आमच्या निम्म्या किमतीत मिळायच्या. दुकानदारांनी आमचे फोन उचलायचं बंद केलं. नऊपैकी चार जणांना आम्ही एक दिवसाआड बोलवायला लागलो. लेथ चालवणारा टर्नर पहिल्या दिवसापासून आमच्याकडे होता. तो मला म्हणाला, "ताई, कायमचं घरी बसवणार असाल तर आधी सांगा. या वयात दुसरीकडे विचारायलाही वेळ लागतो." मी म्हटलं, "बसवत नाही कुणाला." कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे.

वकीलबाईंचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. आमचं निम्मं गिऱ्हाईक तिथे पोचलंच नसतं. बाई तरुण होत्या, पण कामाला पक्क्या. त्यांनी समजावलं. आयात मालाविरुद्ध दाद मागायचं एक वेगळं न्यायाधिकरण असतं. तिथे रीतसर तक्रार दाखल करायची. पेटंटची नक्कल सिद्ध झाली की बंदरांना आदेश जातो आणि माल जहाजातून उतरतो तिथेच अडवला जातो. दुकानादुकानांत भांडत फिरायला नको.

"लागेल काय काय?" मी वही उघडली.

पेटंटची प्रमाणित प्रत. बिलासह विकत घेतलेला त्यांचा नमुना. आपली शेड चालू आहे याचे पुरावे. पेटंटमधल्या प्रत्येक दाव्यासमोर त्यांच्या वस्तूतला नेमका तोच भाग दाखवणारा तक्ता. शोध दादानेच लावला हे दाखवणाऱ्या त्याच्या जुन्या वह्या. आणि दादाचं शपथपत्र.

तक्ता मी केला. डाव्या रकान्यात आमची वाटी, उजव्यात त्यांची. डावीकडे आमचा गोळा, उजवीकडे त्यांचा. आठ दिवस चिकटपट्टी आणि फुटपट्टी घेऊन बसले होते. इतकं समाधान मला कित्येक वर्षांत कशाने मिळालं नव्हतं. तक्ता बघून वकीलबाई म्हणाल्या, "ताई, तुम्ही चुकून कोठीत बसलात." मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "एक महत्त्वाचं. पेटंटचा अर्ज केला त्या तारखेआधी ही वस्तू कुणी उघड्यावर वापरली होती का? घरात, कारखान्यात करून बघितली असेल तर चालतं. पण रस्त्यावर, चारचौघांत, कुणीही बघेल अशी वापरली असेल, तर कायदा म्हणतो की ती तेव्हाच सगळ्यांची झाली. मग पेटंट टिकत नाही. समोरचे वकील पहिलं तेच शोधतील."

"छे," मी म्हटलं. "विकायला सुरुवातच नंतर केली."

दुसऱ्या मजल्यावर उतरले आणि कठड्याला धरून उभी राहिले. वहिनी.

ही टाच दादाने बाजारासाठी बनवलीच नव्हती. वहिनीला झटका आला, डावी बाजू गेली, आणि साधी काठी फरशीवरून सटकायची. दोनदा पडली. तिसऱ्यांदा पडल्यावर ती म्हणाली, "मी आता खुर्चीतच बरी." दादा त्या दिवशी शेडमध्ये गेला तो संध्याकाळी पहिली टाच घेऊनच आला. वाईट होती, करकरायची. मग दुसरी केली, मग तिसरी. चौदा महिने तो ती सुधारत राहिला आणि वहिनी त्यावर चालत राहिली, घरात नव्हे, रस्त्यावर, अख्ख्या गल्लीच्या डोळ्यांदेखत. "पेटंटचं बघ," असं मी म्हटलं की म्हणायचा, "तिला पसंत पडू दे आधी." शेवटी ती म्हणाली, "आता बरोबर झालं," आणि दुसऱ्या दिवशी त्याने अर्ज केला. वहिनीला जाऊन आता चार वर्षं झाली.

आणि हे सगळं त्याने लिहून ठेवलं होतं. तीन जाड वह्या होत्या. पहिलीत आकृत्या, तिसरीत साचे आणि मापं. मधली सगळी वहिनीची.

मी परत वर गेले नाही. खाली उतरले आणि बस पकडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे शेडमध्ये जेवायला बसलेले असताना, मी शेजारीच असलेल्या आमच्या घरात जाऊन वह्यांचं कपाट उघडलं. वहिनी गेल्यापासून दादाने त्याला हात लावला नव्हता. किल्ली माझ्याकडेच असायची. मधली वही काढली आणि उभ्या उभ्याच चाळायला लागले. दादाचं ते बारीक, उजवीकडे झुकणारं अक्षर. *दारापर्यंत. २६ पावलं. एकदा अडली.* काही पानं पुढे, *कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. ४१२. शिंप्याने विचारलं हे काय आहे. काढून दाखवलं.* काढून दाखवलं! मी कपाळाला हात लावला. अजून पुढे, *ओल्या फरशीवर नेलं. घसरली नाही. हसली.* प्रत्येक पानावर तारीख, ठळक, खाली दोन रेघा मारलेली.

पुढे मला वाचवेना. शेडमागे तेलकट चिंध्या जाळायचा पत्र्याचा पिंप आहे. मी वही त्यात टाकली, वर चिंध्या टाकल्या आणि काडी लावली. नऊ घरं चालतात या शेडवर, असं मनाशी म्हणत होते. वहिनी असती तर तिनेच सांगितलं असतं जाळ म्हणून, असंही म्हणत होते. ते खरंही असेल. पण मी तिला विचारलं नव्हतं आणि ज्याला विचारायला हवं होतं तो पंधरा पावलांवर बसून डबा खात होता.

उरलेल्या दोन वह्या वकीलबाईंना पोचवल्या. दादाने विचारलं, "दिल्यास वह्या?"

"दिल्या."

"मधली नीट वाचायला सांग त्यांना." बऱ्याच दिवसांनी त्याचा चेहरा खुलला होता. "ती वाचली की कुणीही मान्य करेल, की हे नुसतं डोक्यातून निघालेलं नाही."

मी मान हलवली. आमच्या घरात मला तोंडाळ म्हणतात. त्या दिवशी मी पत्रांची फाईल उघडून बसले.

शपथपत्राचा दिवस उजाडला. शपथ घ्यायच्या कचेरीत लाकडी बाक, भिंतीवर थांबलेलं घड्याळ आणि टेबलामागे एक पोक्त साहेब. तक्रारीची फाईल वकीलबाईंच्या मांडीवर होती, वीतभर जाड, लाल दोरीने बांधलेली. सही झाली की त्या इथूनच थेट न्यायाधिकरणात जाणार होत्या. दादाला सही कुठे करायची ते मी आधीच दाखवून ठेवलं होतं.

पण साहेबांनी त्याचा डोळा बघितला. "वाचता येतंय का नीट? नाही? मग मला वाचून दाखवायला हवं."

ते संथपणे वाचू लागले. नाव, वय, धंदा. शोध माझा स्वतःचा आहे. दादा प्रत्येक वाक्याला "हो" म्हणत होता.

"मुद्दा नऊ. अर्जाच्या तारखेपूर्वी सदर साधन कोणीही, कोठेही, उघडपणे वापरलेले नाही."

दादाने मान वर केली.

"हो म्हणा," साहेब म्हणाले.

"कोणीही म्हणजे?"

"कोणीही म्हणजे कोणीही."

"माझी बायको वापरत होती," दादा म्हणाला. "चौदा महिने."

वकीलबाईंनी आधी माझ्याकडे बघितलं. मग त्या दादाकडे वळल्या आणि अगदी सावकाश, एकेक शब्द त्याच्या हातात ठेवावा तशा बोलल्या. "काका, त्या घरातल्या घरात वापरत असतील ना? चाचणी म्हणून?"

बाईंनी सुटकेचं दार उघडून धरलं होतं. त्याने फक्त "हो" म्हणायचं होतं.

"घरातल्या घरात ती भिंत धरून चालायची," दादा म्हणाला. "घरासाठी कशाला बनवू मी? रस्त्यासाठीच बनवली. सगळ्या गल्लीने बघितलंय तिला."

"दादा!" मी त्याचा दंड धरला. "काय बोलतोयस? शेड बंद पडेल."

"कळतंय मला." त्याने माझा हात काढला नाही. "पण छोटे, ती चाललीच नव्हती असं मी कसं लिहून देऊ? आता ती चालली होती हे सांगणारं आहे कोण दुसरं?"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. वकीलबाईंनी लाल दोरीची सुटलेली गाठ पुन्हा बांधली. "हे कानांनी ऐकल्यावर मला ही तक्रार दाखल करता येणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि केलीच, तर तक्रार राहील बाजूला, तुमचं पेटंटच जाईल." जाताना त्यांनी दोन्ही वह्या माझ्याकडे न देता दादाच्या हातात दिल्या.

बसमध्ये तो खिडकीशी बसला. "माणसांना उद्या मीच सांगतो," म्हणाला. मग वह्या मांडीवर घेतल्या, वरची खाली केली, खालची वर केली. "दोनच आहेत. मधली त्यांच्याकडे राहिली वाटतं."

"घरी गेल्यावर बोलू."

घरी पोचल्यावर त्याने चपलाही काढल्या नाहीत. कपाटापाशी गेला, माझ्याकडून किल्ली घेतली, दार उघडलं, रिकाम्या फळीवरून हात फिरवला. "छोटे?"

मी सांगितलं. पिंप, चिंध्या, काडी, सगळं. का ते सांगायला लागले तर त्याने हात वर केला.

"वाचलीस तरी का जाळण्याआधी?"

"थोडी. दोनतीन पानं."

तो ओरडला असता तर मला सोसलं असतं. तो टेबलाशी बसला आणि तिसऱ्या वहीच्या शेवटी उरलेली कोरी पानं त्याने उघडली. पेन घेतलं. "सांग काय वाचलंस ते. मला आता नीट आठवत नाही. लिहून ठेवलंय म्हणून मी लक्षात ठेवलंच नाही कधी."

मी उभीच होते. "दारापर्यंत," मी म्हटलं. "सव्वीस पावलं. एकदा अडली."

त्याने लिहून घेतलं.

"कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. चारशे बारा. शिंप्याने विचारलं, त्याला काढून दाखवलं."

तेही लिहिलं.

"ओल्या फरशीवर नेलं. घसरली नाही. हसली."

पेन थांबलं. पुढचं ऐकायला त्याने मान वर केली, आणि माझ्याकडे पुढचं काही नव्हतं. मग पानाच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे तो नेहमी दोन रेघा मारायचा, तिथे त्याने पेन टेकवलं.

"तारीख?" त्याने विचारलं.