सातव्या महिन्यातलं गाणं

“आता नीट ऐक.” मुलीने इस्त्रीच्या टेबलावर मोबाइल ठेवून गाणं मागे नेलं. “‘जाशील तर जा, पण...’ इथे. ऐकलंस? मध्येच श्वास घेते. आणि मग ‘दार ओढू नकोस’ इतकं हळू येतं की वाटतं, हिला रडू आवरत नाहीये. ठेक्याच्या किंचित मागून गाते बघ. घाई नाही. उगाच नाही एवढी मोठी झाली.”

आईने आपल्या गणवेशाची बाही सपाट केली. डोळ्यांच्या दवाखान्यात ती माइकवरून पेशंटचे नंबर पुकारायची.

“तो श्वास तिचा नाही,” ती म्हणाली.

“मग कोणाचा?”

वीस वर्षांत तिने हे कोणाला सांगितलं नव्हतं; आज सांगितलं. गायिका येण्याआधी संगीतकार गाणं दुसऱ्या कोणाकडून साध्या आवाजात गाऊन घ्यायचे. गायिकेने ते ऐकून बसवायचं, काम झालं की पुसायचं. पाच वर्षं तो साधा आवाज आईचा होता. त्या दिवशी सातवा महिना सरत आला होता. ओळीच्या मध्यात पोटातून लाथ बसली आणि दम तुटला. ती पुन्हा गाणार, तोच काचेपलीकडून संगीतकार म्हणाले, “राहू दे. हेच ठेवू.”

गायिकेने अकरा वेळा ऐकलं आणि श्वासासकट उचललं. गायलीही सुंदर. खालच्या सुरात तिचा आवाज असा भरून यायचा, की हिला ते जन्मात जमलं नसतं. पण तो श्वास हिचा होता. बाळंतपणानंतर ही परत गेली, तेव्हा माइकसमोर दुसरीच कोणी उभी होती.

“म्हणजे मी लाथ मारली म्हणून?” मुलगी हसली. “काहीही हं, आई. ते रेकॉर्डिंग आहे?”

“पुसलं म्हटलं ना.”

“नाव कुठे छापलं होतं?”

“नाही.”

“मग माझ्या मैत्रिणींसमोर हे काढू नकोस. हसतील.”

आईने बाही उलटी केली आणि दुसऱ्या बाजूने इस्त्री फिरवायला घेतली.

रविवारी स्पर्धेत मुलगी तेच गाणं गायली. ‘पण’नंतर श्वास तुटला तेव्हा सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. पहिलं बक्षीस देताना परीक्षकांनी विचारलं, “हा श्वास शिकवून येत नाही. कुठून आणलास?”

मुलीची नजर तिसऱ्या रांगेत आईवर येऊन थांबली. मग तिने गायिकेचं नाव घेतलं. “त्यांच्याकडूनच. त्यांना ऐकतच मोठी झाले.”

टाळ्या झाल्या. आईनेही वाजवल्या, शेवटपर्यंत.

“मुलगी तुमची?” शेजारच्या बाई उठता उठता म्हणाल्या. “गळा कोणाचा घेतलाय हो? तुम्ही गाता?”

“छे,” ती म्हणाली, आणि त्यांना जायला वाट मिळावी म्हणून पाय जवळ ओढून घेतले.