विरुद्धच्या पट्टीवरची चकती

मी एक जुनी वेताची काठी आहे, मित्रांनो. दोन हात लांब, पुढचे टोक वाकवलेले. अमेरिकेतल्या रीनो शहरातल्या एका जुगारघरात, क्रॅप्स नावाच्या फाशांच्या खेळाच्या टेबलावर मी सव्वीस वर्षे फासे ओढले. माणसाने फासे टाकायचे, ते समोरच्या कडेवर आपटून थांबायचे, आणि मी ते गोळा करून पुन्हा त्याच्यापुढे सरकवायचे. जिंकणे-हरणे माझ्याकडे नव्हते, तरी शिव्या मात्र मी पुष्कळ खाल्ल्या.

कोणत्या जंगलात वाढले ते मला आठवत नाही. वाफेवर धरून वाकवले, तो त्रास तेवढा आठवतो. मग रोगण चढले आणि मी टेबल सांभाळणाऱ्या डेलबर्टच्या हाती आले. तो रोज सकाळी मला फडक्याने पुसायचा आणि येईल त्याला सांगायचा, "दोन बायका सोडून गेल्या, ही टिकली."

या टेबलाशी जो तो आपली युक्ती घेऊन येतो. कोणी हरला की पैज दुप्पट करतो, पुन्हा हरला की पुन्हा दुप्पट. खिसा संपला की थांबतो. कोणी सहा आणि आठ हेच आकडे धरून बसतो. कोणी टेबलाच्या मधोमध आखलेल्या, मोठ्या बक्षिसाच्या चौकोनांच्या नादी लागतो. ते चौकोन माझ्या अगदी पुढ्यात होते, आणि मालकाचे पोट भरते ते तिथेच. खरा जाणकार मला एकच भेटला, लायल.

लायल रस्तेखात्यातून निवृत्त झालेला मोजणीदार होता. बहुतेक मंडळी फासे टाकणाऱ्याच्या बाजूने पैज लावतात. लायल त्याच्या विरुद्धच्या पट्टीवर, म्हणजे टाकणारा हरेल यावर लावायचा, कारण तिथे मालकाचा वाटा केसभर कमी असतो. सगळे हरले की हा जिंकायचा. साहजिकच सगळे त्याला पाण्यात पाहत. त्याला त्याचे काही नव्हते.

त्याची बायको अडेल मात्र नेहमी टाकणाऱ्याच्या बाजूने लावायची. मंगळवारी सकाळी नाश्ता करून दोघे यायची आणि टेबलाच्या दोन टोकांना उभी राहायची. फासे अडेलच्या हातात आले, तरी लायलच्या पैजेची चकती विरुद्धच्या पट्टीवरच पडायची.

"अगं, पैज तुझ्यावर नाही, फाशांवर आहे," तो म्हणायचा.

"आणि फासे कुणाच्या हातात आहेत?"

यावर तो पुन्हा आकडे मांडायचा. हिशेब त्याचा बरोबरच असे.

एका मंगळवारी तिने फासे उचलले आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "लायल, छत्तीस वर्षं झाली. मी टाकायला लागले की तू माझ्या विरुद्ध उभा. आज पण तेच केलंस, तर माझी बॅग गाडीत आहे. मी बसनं एल्कोला ताईकडे जाईन, ती परत यायची नाही."

"बाई, घरचं भांडण घरी," डेलबर्ट म्हणाला. "इथं नुसते फासे टाका."

लायल गोरामोरा झाला. पण हात सवयीचा. चकती विरुद्धच्या पट्टीवर गेली. अडेलने ती पाहिली आणि पुन्हा त्याच्याकडे पाहिलेच नाही.

पहिल्या टाकीला दोन्ही फासे मिळून चार आला. आता पुन्हा चार आला तर अडेल जिंकणार, त्याआधी सात आला तर लायल. सात पडण्याचे सहा मार्ग, चारचे तीनच. अशा वेळी विरुद्धची पैज म्हणजे तोंडाशी आलेला घास. ती हवी तेव्हा उचलता येते आणि मालक हसत उचलू देतो, कारण तेव्हा उचलणे हा शुद्ध वेडेपणा. त्यावरून लायलने कितीतरी नवख्यांना झापले होते.

नऊ पडला. मग पाच. मग पुन्हा नऊ. मी फासे मध्ये ओढले. अडेल डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. तिकडच्या टोकाला लायल वाकला आणि हळूच म्हणाला, "माझी पैज काढून द्या."

"चारावर?" डेलबर्टही कुजबुजला. "तब्येत बरी आहे ना?"

"काढा म्हटलं ना."

चकती त्याच्या हातात आली. मी फासे अडेलपुढे सरकवले. तिने टाकले. सात.

टेबलाभोवतीचे सगळे हळहळले. लायल कमाई गोळा करताना दिसणार म्हणून अडेलने रागाने त्याच्याकडे मान वळवली. पट्टी रिकामी होती.

"तुझी चकती कुठाय?"

"काढली. या टाकीच्या आधी."

"चारावर काढलीस? वेडा आहेस का तू? चारावर कुणी काढतं?"

"नाही काढत कुणी," लायल म्हणाला.

अडेलचे डोळे भरून आले. मला वाईट वाटले आणि बरेही वाटले.

"एल्कोची बस कितीला आहे?" त्याने भीत भीत विचारले.

"सुटली असेल आता."

जुगारघरात घड्याळ नसते, मित्रांनो. तिचे खरे की खोटे, कोण पाहणार?

पुढे डेलबर्ट निवृत्त झाला. नव्या माणसांनी मला ओल्या हातांनी हाताळले, कोपऱ्यात आपटले, आणि माझ्या पाठीला तडा गेला. आता मी खणात पडून असते. खण उघडलात तर तो तडा दाबून पाहू नका, दुखते. आणि पैज जिंकायची युक्ती मला विचारू नका, ती माझ्यापाशी नाही. मला एवढेच कळले आहे: समोर आपले माणूस असेल, तर हिशेब बरोबर असतानाच चकती उचलून घ्यावी. हिशेब चुकल्यावर तर कोणीही उचलतो.