ओटीतला मुलगा

माझ्या वडिलांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही, तरी कारखान्यानं त्यांना पिऊन कामावर आल्याबद्दल दोनदा घरी बसवलं. आबा बॉयलरवर फायरमन होते. चालताना त्यांचा तोल जायचा, हात आपोआप उडायचे, बोलताना जीभ अडखळायची. बघणाऱ्याला दुसरं काय वाटणार? कॉलनीतल्या बायका आईला दारू सोडवायचे उपाय सांगायच्या आणि आई मुकाट ऐकून घ्यायची.

शेवटी आम्ही त्यांना पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आबांआधी आजोबांची चौकशी केली. आमचे आजोबा भीमा ससाणे यांचंही अंग शेवटी शेवटी असंच हलायचं, आणि त्यांनाही गाव बेवडाच म्हणायचं. डॉक्टर म्हणाले, हा हंटिंग्टनचा आजार. रक्तातून येतो, बहुतेकांना चाळिशीच्या आसपास दिसायला लागतो, आणि यावर औषध नाही. बापाला असला की त्याच्या प्रत्येक मुलाला व्हायची शक्यता निम्मी.

"मला दोन लेकरं हायेत," आई म्हणाली. "म्हंजी एकाला व्हईल का?"

"तसं नाही, मावशी. दोघांनाही होईल, किंवा दोघांनाही होणार नाही. किंवा एकाला होईल."

ती दोन लेकरं तिच्या मागेच उभी होती. नितीन आणि मी. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

पण आईच्या डोक्यात त्या दिवशी एवढंच राहिलं, की दारू नाही. परत आल्यावर तिनं ते नळावर सांगितलं, किराणा दुकानात सांगितलं, बुद्धविहारात वंदना झाल्यावर सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं. "आमच्या मालकांला दारू न्हाई. घरान्यातला आजार हाय त्यो, बापापासून पोराला येतो. डागदरनं लिवून दिलंय." किती वर्षं मान खाली घालून चालली होती ती. आता ताठ चालायला लागली. तिला गप्प बस म्हणायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. खरं सांगायचं तर आम्हालाही बरंच वाटत होतं.

हे सत्त्याण्णव साल. श्रीगोंदा तालुक्यातला आमचा साखर कारखाना तेव्हा जोरात होता. कामगार आजारपणानं निकामी झाला तर त्याची जागा त्याच्या वारसाला द्यायची, असा तिथला रिवाज. वारस म्हणजे मुलगा. मुलगी सासरी जाणार, म्हणून ती कोणाच्या हिशेबात नसे. मी नर्सिंग करून कारखान्याच्याच दवाखान्यात रोजंदारीवर सिस्टर होते, आणि यंदाच्या हंगामात मला कायम करणार असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. नितीन आयटीआय फिटर होऊन घरी बसला होता. आबांना अनफिट ठरवलं की नितीन त्यांच्या जागी लागेल आणि कॉलनीतली खोली आमच्याकडेच राहील, असं सगळं ठरल्यासारखं होतं. जागा गेली तर खोलीही जाणार होती, आणि आबांना घेऊन जायला आम्हाला दुसरं घर नव्हतं.

नितीनची मेडिकल झाली. छाती, नजर, वजन, सगळं ठणठणीत. त्यानंतर लेबर ऑफिसरनी आई आणि नितीनला बोलावलं. मी दवाखान्यातून तशीच गेले.

"सहादू चांगला माणूस," साहेब म्हणाले. "आम्ही त्याच्यावर दारूचा संशय घेतला ती आमची चूक. पण बाई, तुम्हीच सगळीकडे सांगताय, हा आजार बापाकडून मुलाला येतो. उद्या चाळिशीत हाही असाच झाला तर?"

"झाला तर, साहेब," मी म्हणाले. "आज तर नाही ना झाला."

"मला वैयक्तिक काही नाही. यंदापासून सगळ्या कायम कामगारांचा आरोग्य विमा उतरवायचाय. विमा कंपनी विचारते, कोणाच्या घराण्यात असलं काही आहे का. असेल तर तो माणूस यादीत नको म्हणते. आणि यादीत नसलेला माणूस मी कायम कसा करू?"

म्हणजे आबांचा मुलगा म्हणून नितीनला नोकरी मिळणार होती, आणि आबांचा मुलगा म्हणूनच ती मिळत नव्हती. साहेब वाईट नव्हते. त्यांनी आईला चहा मागवला. मला मात्र तो चहा त्यांच्या टेबलावर ओतावासा वाटला.

युनियनचे गोरक्षनाथ, म्हणजे आमचे गोरखअण्णा, यांनी नगरच्या लीना मॅडमचा पत्ता दिला. त्या कामगार कोर्टात वकिली करायच्या. नितीन आणि मी एसटीनं नगरला गेलो. कोर्टाच्या आवारात झाडाखाली त्यांचं टेबल होतं, आणि त्यांच्याकडे बघून वाटलं की या बाईला कोणीतरी आधी दोन घास खायला द्यावेत. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"अन्याय आहे," त्या म्हणाल्या. "पण मी उभी राहिले की जज विचारतील, कोणत्या कलमाखाली? जातीवरून नाकारलं असतं तर बोलता आलं असतं. रक्तातल्या आजारावरून नोकरी किंवा विमा नाकारू नये, असा कायदा परदेशात कुठंकुठं करायला लागलेत, असं मी वाचलंय. आपल्याकडे नाही."

"पण आजार झालेलाच नाही त्याला."

"बरोबर. तेच मी मांडीन. खालचं कोर्ट, वरचं कोर्ट, औरंगाबादचं खंडपीठ. इतकी वर्षं जातील, की तोवर नितीनला आजार आहे की नाही ते तसंच कळेल."

हे त्या चेष्टेनं म्हणाल्या नव्हत्या. मग त्यांनी सांगितलं, की मोठ्या शहरात रक्ताची एक तपासणी आता होते. त्यात निघालं नाही, तर कारखान्याला बोलायला जागा राहणार नाही.

"आन निघालं तर?" नितीननं विचारलं.

मॅडमनी समोरची फाईल बंद केली. परतीच्या एसटीत तो खिडकीकडे तोंड करून बसला. घोगरगावच्या पुढं आल्यावर म्हणाला, "ताई, मला न्हाई कळून घ्यायचं. एकवीस वरसाचा हाय मी. येकदा कळलं की मग रोज सकाळी उठून हात बघत बसायचं का?" मी माझे हात रोज सकाळी बघत होते.

गोरखअण्णांनी तोडगा आणला तो रविवारी दुपारी. अण्णा सगळ्यांच्या भानगडी मिटवणारा माणूस. सरळ वाट बंद झाली की त्यांना हुरूप येतो.

"वहिनी," ते आईला म्हणाले, "वारस म्हंजे रक्ताचाच पायजे असं कुटं हाय? दत्तक पोरगाबी वारसच. खर्ड्याची तुमची भन वारली ना, रतनबाई? तिचं पोर तुमच्या ओटीत घातलं असं प्रतिज्ञापत्र करायचं. म्हंजे नितीन वारस ऱ्हातो, आन आजाराचा सवालच मिटला."

आई भाकऱ्या थापत होती. तिनं काठवटीतला हात थांबवला. "गोजरबाईनं नाळ कापली त्याची. पलीकडच्या चाळीत जित्ती हाय ती. सगळ्या कॉलनीला म्हाईत हाय."

"कॉलनीला कोन इचारतंय? कारखान्याला कागद पायजे. गोजरबाईला मी सांगतो."

"आन थोबाड? बापाचं थोबाड घिऊन फिरतोय त्यो."

अण्णा हसले. आबा बाजेवर बसले होते. त्यांना सगळं समजायचं, फक्त शब्द बाहेर यायला वेळ लागायचा. आम्ही वाट बघत राहिलो. त्यांची मान एकीकडे जात होती, हात मांडीवरून निसटत होते.

"नाव," आबा म्हणाले. "माझंच... ऱ्हातंय का?"

"ऱ्हातंय की. नितीन सहादू ससाणे. त्यात बदल न्हाई."

"मग... लिवा."

तिसऱ्या दिवशी आईनं पांढरं लुगडं नेसलं, जे ती वंदनेला नेसायची, आणि अण्णांबरोबर श्रीगोंद्याला तहसील कचेरीत जाऊन अंगठा देऊन आली. आल्यावर तिनं पाय धुतले आणि चुलीपुढं बसली. मी विचारलं, "काय म्हनाले?" ती म्हणाली, "काय म्हनायचंय. त्यांनी इचारलं, मी खोटं बोलले, त्यांनी लिवून घेतलं."

लेबर ऑफिसरांना तेवढ्यावर भागवता आलं असतं. पण त्यांना आईच्या तोंडून ऐकायचं होतं. आम्ही सगळे त्यांच्या खोलीत गेलो. अण्णांनी आईकडून वाटेत पाठ करून घेतलं होतं. नितीन दाराशी उभा होता, आबांसारखाच एका पायावर भार देऊन.

"हा मुलगा कोणाचा, बाई?"

"माझ्या भनीचा. रतनबाईचा. खर्ड्याची. मराय टेकली तवा तिनं माझ्या ओटीत घातला."

"किती महिन्यांचा होता?"

"अंगावर पिता व्हता."

हे तिनं इतकं सपाट आवाजात सांगितलं, की मला क्षणभर ते खरं वाटलं. नितीन फरशीकडे बघत होता. साहेबांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा आईकडे. त्यांना काही कळलं नसेल असं नाही. पण त्यांनाही हे प्रकरण हातावेगळं करायचं होतं. त्यांनी सही केली आणि सहज, काही मनात नसताना विचारलं, "म्हणजे तुम्हाला पोटचं मूल नाही?"

हे अण्णांनी शिकवलं नव्हतं. आईनं मान वर केली. त्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा चेहरा मोकळा झाला.

"हाय की," ती म्हणाली. "ही काय, वृषाली. ही माझ्या पोटची. माझी आन ह्यांची."

ती ते मोठ्यानं म्हणाली. किती दिवसांनी तिला खरं बोलायला मिळालं होतं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. पांढरा युनिफॉर्म, खिशाला कात्री, कारखान्याच्या दवाखान्याचा बिल्ला. इतके दिवस मी त्यांच्यासमोर येत होते, भांडत होते, पण मुलगी म्हणून मी कुठल्याच यादीत नव्हते. आता आजाराला नाव लावायला त्या घरात मी एकटीच उरले होते.

"अच्छा," साहेब म्हणाले.

नितीन आबांच्या जागेवर लागला. बॉयलरच्या तिसऱ्या पाळीला जाताना तो आईच्या पाया पडायला वाकला, तर तिनं आधी दाराबाहेर बघितलं, कोणी ऐकतंय का. मग पाठीवर हात ठेवला. शेजारच्या बायका आता मुद्दाम विचारायच्या, "काय गं बनाबाई, भनीचं पोर लागलं व्हय कामाला?" आई म्हणायची, "व्हय, लागलं." घरातसुद्धा तिनं त्याला 'बाळा' म्हणायचं सोडलं. सवय मोडायला हवी, चुकून बाहेर तोंडातून जायला नको, असं तिचं म्हणणं.

हंगामाच्या शेवटी कायम करायच्या लोकांची यादी लागली. माझं नाव नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनी मला आत बोलावलं आणि पेपरवेट फिरवत म्हणाले, "वृषाली, तुझ्या कामाबद्दल तक्रार नाही. विम्याची यादी वरून परत आली. रोजंदारीवर राहा हवं तितके दिवस, त्याला कोणी काही म्हणणार नाही." मी म्हणाले, "बरं." भांडायला हवं होतं. पण कोणत्या कलमाखाली? तसं कलमच नाही, हे मला माहीत झालं होतं, आणि त्या दिवशी ओपीडीत पन्नासेक माणसं बसून होती.

संध्याकाळी गोरखअण्णा आले. त्यांच्या कानावर माझ्या आधीच गेलं होतं.

"काय अवघड न्हाई, वहिनी," ते बसता बसता म्हणाले. "पोरीचंबी तसंच करू. सांगू की, तवा तुमी गडबडीत बोलून गेला. ही पन घेतलेलीच. रतनबाईचीच म्हनू, दोगं भाऊभन. म्हंजे तुमाला मूलच न्हाई. सगळंच सरळ व्हतं."

त्यांचा हेतू चांगलाच होता. आणि ते झालंही असतं. साहेबांनी पुन्हा एकदा डोळे मिटून सही केली असती. मी आईकडे बघितलं. ती आबांना वरणभात भरवत होती. आबांची मान हलायची, ती चमचा थांबवून मान परत यायची वाट बघायची आणि मग घास द्यायची.

"न्हाई, भाऊ," ती म्हणाली. "दोन जन्माला घातली मी. एक दिलं लिवून. आता हिला न्हाई देनार. नोकरी ऱ्हाऊ द्या."

"वहिनी, पोरीच्या जन्माचं हाय."

"म्हाईत हाय मला. येक तरी माझं म्हनू द्या."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. आईनं बघितलं नाही. मी नुसती मान डोलावली असती, तरी तिनं पुन्हा ते पांढरं लुगडं नेसलं असतं, हे मला पक्कं माहीत होतं.

मला ती नोकरी हवी होती. फार हवी होती. आईचा रागही आला, की हिला एवढं एक खोटं माझ्यासाठी बोलवत नाही.

मी आईच्या हातातला चमचा घेतला, तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "अण्णा, ऱ्हाऊ द्या. मी तिची हाय."